परमताचे स्वातंत्र्य आणि अभ्यासकाचे कर्तव्य

आपल्या मार्गाच्या सत्यतेविषयी ज्याच्या मनात निश्चय झालेला आहे, त्याच्यापुढे एक नैतिक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. जो मार्ग आपल्या दृष्टीने भ्रममूलक आहे, त्या मार्गाने जाणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे काय? ज्यास सर्वच मते सारखी, त्यास हा प्रश्न पडत नाही. कारण कोणत्याही मतासाठी त्याला काही सोडावे लागलेले नसते. हा प्रश्न निष्ठावंताचा आहे. ज्याने सत्यासाठी घरदार सोडले, त्यानेच असत्याला मोकळीक द्यावी, हे वरवर पाहता विसंगत दिसते. ह्या विसंगतीचा उलगडा कसा होतो आणि देशोदेशींच्या कायद्याच्या अभ्यासकांनी त्या कामी कोणते साहाय्य केले, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. श्रद्धा ही अंतःकरणाची क्रिया आहे. दंडाच्या भयाने मनुष्य मस्तक नमवील, नाम उच्चारील, वेषही पालटील. परंतु ‘हे सत्य आहे’ असा जो आतला होकार, तो दंडाने मिळत नाही. दंडाने मिळतो तो होकाराचा देखावा. म्हणजे जो आपले मत दुसऱ्यावर बळाने लादतो, तो त्याला श्रद्धावान करीत नाही, दांभिक करतो. आणि सत्यमार्गाच्या दारी दांभिक आणून बसविणे हा त्या मार्गाचाच अपमान होय. तात्पर्य, परमताचे स्वातंत्र्य राखणे म्हणजे परमत मान्य करणे नव्हे. श्रद्धा म्हणजे काय हे ज्याला कळले, त्याने त्या श्रद्धेच्या स्वरूपाचा राखलेला तो मान होय.

हे तत्त्व बोलावयास सोपे, परंतु आचरणात कठीण आहे. राज्यसत्तेच्या आणि न्यायासनाच्या ठिकाणी ते कसे उतरले, ह्याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९८५ साली केरळातील एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. ती मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ ह्या ख्रिस्ती पंथातील होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु गात नसत. देवाच्या प्रार्थनेवाचून असे गायन करणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला, त्यात कोणाच्याही धर्मास बाधक असे काही नाही असे ठरविले आणि मुलांची मागणी फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ती एम. एम. दत्त ह्यांनी तो निर्णय फिरविला. राष्ट्रगीतात आक्षेपार्ह काय आहे, हा प्रश्नच नव्हे. त्या मुलांची श्रद्धा खरी व मनःपूर्वक आहे की नाही, एवढेच पाहावयाचे, असे त्यांनी सांगितले. मुले उभी राहत होती, म्हणजे अनादर नव्हता. आणि गाण्याची सक्ती करणारा कायदाही नव्हता. मुलांना पुन्हा शाळेत घ्यावे, असा आदेश झाला.

हा विचार त्या दिवशी दिल्लीत अकस्मात उपजला नाही. त्याला परंपरा आहे, आणि ती परंपरा अनेक देशांतून आलेली आहे.

तिचा एक धागा अमेरिकेतला. १९३५ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यात ह्याच पंथातील दोन भावंडांनी राष्ट्रध्वजाला वंदन करण्याचे नाकारले आणि त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर ठिकठिकाणी ह्या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. पुढे १९४२ साली, बहुमतात सामील असलेल्या तीन न्यायाधीशांनी आपला तो निर्णय चुकला असे जाहीरपणे मान्य केले; आणि १९४३ साली, देश महायुद्धात गुंतलेला असता, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आधीचा निकाल रद्द केला. न्यायासनावर बसलेल्याने ‘आम्ही चुकलो’ असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. केरळच्या मुलांचा निर्णय देताना आपल्या न्यायमूर्तींनी हे दोन्ही निकाल समोर ठेवले होते.

दुसरा धागा मुंबईचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे एक पारशी प्रकरण आले. मृतांच्या निमित्ताने धर्मविधी निरंतर चालावेत म्हणून ठेवलेला निधी कायद्याने ग्राह्य आहे काय, असा वाद होता. त्यापूर्वीच्या एका निकालात असे निधी अग्राह्य ठरले होते. न्यायमूर्ती दिनशा दावर ह्यांनी पारशी समाजाच्या श्रद्धेचा पुरावा बारकाईने तपासला आणि असा विचार मांडला की, समाजाची एखादी श्रद्धा सिद्ध झाली म्हणजे ऐहिक न्यायाधीशाने ती स्वीकारावी. ती बरी की वाईट हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे दावर ते हेच. महाराष्ट्राला त्यांचे ते कृत्य विसरता आले नाही. तथापि ज्याच्या हातून एके ठिकाणी अन्याय झाला त्याच्याच लेखणीतून दुसऱ्या ठिकाणी न्यायाचे सूत्र उतरू शकते, हेही नमूद केले पाहिजे. १९५४ साली ‘रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य’ ह्या खटल्यात न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी ह्यांनी दावरांचा तो विचार उद्धृत केला, आणि तेथून तो केरळच्या निकालात आला.

त्याच वर्षी उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्याचा निकाल लागला. तेथे ‘धर्म’ ह्या शब्दाचा अर्थच ठरवावयाचा होता. अमेरिकेच्या न्यायालयाने १८९० साली धर्माची जी व्याख्या केली होती, ती निर्मात्याशी मनुष्याचा जो संबंध, त्यापुरती होती. न्या. मुखर्जी ह्यांनी ती अपुरी ठरविली. कारण बौद्ध व जैन हे धर्म जगन्निर्मात्या ईश्वरावर उभे नाहीत. उलट ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश लॅथम ह्यांनी १९४३ साली, ह्याच साक्षीदार पंथाच्या एका खटल्यात, श्रद्धेप्रमाणे श्रद्धामूलक आचारालाही जे स्थान दिले होते, ते त्यांनी जवळ केले. धर्म केवळ मतात नसतो. विधी, उपासना, आहार आणि वेष ह्यांतही असतो, असे त्यांनी म्हटले. असो. परदेशाचे सर्वच स्वीकारले नाही, सर्वच टाकलेही नाही, पारखून घेतले. ह्यालाच अभ्यास म्हणतात.

न्यायालयांतून जे घडत होते, तेच विद्वानांच्या पातळीवर एका भारतीयाने हाती घेतले. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात विचार, विवेक व धर्म ह्यांचे स्वातंत्र्य आणि धर्म बदलण्याचेही स्वातंत्र्य सांगितले आहे. परंतु कलम लिहिले म्हणजे स्थिती कळते असे नाही. म्हणून अर्काट कृष्णस्वामी ह्यांच्याकडे अध्ययनाचे काम देण्यात आले. ऐंशीहून अधिक देशांची माहिती पाहून त्यांनी १९६० साली आपला ग्रंथ सादर केला. त्याचे महत्त्व त्यातील बारकाव्यात आहे. ‘स्वातंत्र्य असावे’ एवढे म्हणून ते थांबले नाहीत. उपासना कोठे करावी, यात्रा कशी करावी, प्रेत भूमीत निक्षेपावे की अग्नीला द्यावे, काय खावे, सण केव्हा पाळावा, शपथ घेण्याचे किंवा शस्त्र धरण्याचे ज्याच्या श्रद्धेत बसत नाही त्याचे काय करावे, असे एकेक प्रकरण त्यांनी तपासले. धर्म आचारात असतो, त्याप्रमाणे छळही आचारातच असतो. मोठ्या शब्दांनी कोणाला छळता येत नाही. स्मशानाची जागा नाकारून छळता येते. ह्या अध्ययनाच्या पायावर पुढे २५ नोव्हेंबर १९८१ चा असहिष्णुताविरोधी जाहीरनामा उभा राहिला आणि १९८६ पासून ह्या विषयासाठी विशेष प्रतिवेदक नेमण्याची प्रथा पडली.

येथे कोणी शंका घेईल की, प्रत्येक आचाराला असे संरक्षण दिले तर अनाचारही धर्माच्या नावाने लपेल. शंका रास्त आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९४८ साली घटना समितीत हेच सांगितले होते की, ह्या देशात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत सर्व जीवनाला व्यापते. ती मर्यादित केल्यावाचून सामाजिक सुधारणा अशक्य होईल. म्हणून घटनेच्या पंचविसाव्या कलमातील स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य ह्यांच्या अधीन आहे आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यतेस थारा ठेवलेला नाही. समाधान असे : स्वतःच्या अंतःकरणासाठी मागितलेली मोकळीक वेगळी, आणि दुसऱ्याला तुडविण्यासाठी मागितलेली मोकळीक वेगळी. केरळची मुले कोणाचे तोंड बंद करीत नव्हती, स्वतःपुरते मौन मागत होती. जो मंदिराचे दार दुसऱ्यासाठी बंद करतो, तो मौन मागत नाही, सत्ता मागतो.

दुसरी शंका अधिक खोल आहे. अभ्यास केल्याने मनुष्य न्यायी होतोच काय? ह्याचे उत्तर पाकिस्तानच्या इतिहासात सापडते, आणि ते कटू आहे. १९४८ साली अठराव्या कलमातील धर्मांतराच्या स्वातंत्र्यावर आक्षेप निघाले, तेव्हा पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सर झफरुल्ला खान ह्यांनी आपल्याच धर्मग्रंथाच्या आधारे त्या कलमाला पाठिंबा दिला. ते स्वतः अहमदिया पंथाचे होते. १९७४ साली त्यांच्याच देशाने घटनादुरुस्ती करून तो पंथ इस्लामबाह्य ठरविला. १९८४ च्या वटहुकुमाने त्या पंथीयांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे, अजान देणे, हे कारावासाचे गुन्हे ठरले. १९९३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो वटहुकूम कायम केला. आणि त्या निकालात परदेशी निकालांचे दाखले होते, व्यापारचिन्हांच्या कायद्याचा दृष्टांतही होता. म्हणजे धर्माचे पवित्र शब्द जणू एखाद्या दुकानाची मुद्रा! ज्या ग्रंथांतून दिल्लीला मौनाचे रक्षण सापडले, तशाच ग्रंथांतून अन्यत्र मौनाची सक्ती निघाली.

तेव्हा केवळ वाचन पुरेसे नाही. दीपाने वाट दिसते, तसेच घरही पेटविता येते. अभ्यासकाचा हेतू कोणता, हे निर्णायक आहे. दुसऱ्याला बांधण्यासाठी जो वाचतो, त्याला दोर सापडतो. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून जो वाचतो, त्यालाच न्याय सापडतो. म्हणून अनेक देशांच्या व अनेक धर्मांच्या अभ्यासकांनी एकत्र बसणे आवश्यक ठरते. एकट्याच्या वाचनातील पक्षपात दुसऱ्याच्या उपस्थितीत उघडा पडतो. अमेरिकेतील युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठात १९९४ साली कायदा व धर्म ह्या विषयावरील अशा वार्षिक परिषदेचा आरंभ झाला. हे विद्यापीठ मॉर्मन पंथाचे आहे. शिरूर मठाच्या खटल्यात जी व्याख्या अपुरी ठरली, ती १८९० साली ह्याच मॉर्मनांचा मताधिकार हिरावणारा कायदा उचलून धरताना केलेली होती! जे एके काळी न्यायालयात हरले, त्यांनी पुढे सर्व धर्मांच्या कायदेपंडितांसाठी आसन मांडले. आपल्यावर गुदरलेल्या दुःखाचा ह्याहून चांगला उपयोग कोणता?

ह्या गोष्टीचा अनुभव महानुभाव पंथालाही नवा नाही. शतकानुशतके पंथाचे ग्रंथ सकळ, सुंदरी आदी लिप्यांत राहिले. बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते, आणि जे वाचता येत नाही त्याविषयी वाटेल ते बोलले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या लिपीचा उलगडा महाराष्ट्रापुढे ठेवला. महंतांनीही जिज्ञासूंना पोथ्या दाखविल्या. ज्यांना पंथाचे तत्त्वज्ञान मान्य नव्हते, त्यांनीही आद्य मराठी गद्य म्हणून ‘लीळाचरित्रा’ला मान दिला. गैरसमजाचा मोठा भाग वादाने गेला नाही, वाचनाने गेला.

ज्यांना परक्यांच्या प्रामाणिक वाचनाचा असा लाभ झाला, त्यांच्यावर त्याचे ऋण आहे. ते ऋण त्या परक्यांना परत करावयाचे नसते. जो आज न वाचला गेल्यामुळे निंदिला जातो, त्याला द्यावयाचे असते. त्याचे मत खोडून काढण्याचा अधिकार निष्ठावंताला आहेच, आणि तो त्याने युक्तीने व शब्दाने जरूर बजवावा. परंतु तत्पूर्वी त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत समजून घ्यावे, आणि कोणी बळाने त्याचे तोंड दाबू लागला तर तो हात अडवावा. शास्त्रार्थात प्रतिपक्षी बोलता राहिला तरच सिद्धांताला अर्थ आहे. पूर्वपक्षाला ज्याने मुके केले, त्याने उत्तरपक्ष सिद्ध केला असे कोणताही शास्त्रज्ञ म्हणणार नाही.