यादीतलं नाव

डेटाबेसच्या क्लस्टरमधला एखादा सर्व्हर पहाटे बंद पडतो आणि सकाळी कुणाला त्याचा पत्ताही नसतो. पैसे जातात, तिकिटं निघतात. उरलेले दोघं काम ओढत असतात. तीन नोड, म्हणजे सर्व्हर, ठेवतात ते यासाठीच. पण कामातून गेलेला नोड हिशेबातून गेलेला नसतो, आणि माझ्या मते खरी जोखीम इथून सुरू होते.

कुबरनेटीज आपल्या सगळ्या नोंदी ज्यात ठेवतं, ते एटसीडी घ्या. तिथला प्रत्येक निर्णय बहुमताने होतो आणि बहुमत मोजतात यादीतल्या नावांवरून, जिवंत कोण हे न बघता. तिघांपैकी एक गेला तरी दोघांचं बहुमत आहे. घाईने जुना न काढताच नवा जोडला, तर यादी चारची आणि बहुमत तीनचं. नवा उभाच राहिला नाही (पत्ता चुकीचा दिला, एवढंही पुरतं) की जिवंत दोघंच, आणि नवी नोंद घेणं ठप्प. मग जुन्याला काढताही येत नाही, कारण काढायलाही बहुमत लागतं! हल्ली एटसीडी स्वतःच अशी जोडणी सहसा नाकारतं. तरी रीत ठरलेली: आधी काढायचं, मग जोडायचं.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं दुखणं वेगळं. गेलेल्या प्रतीचा रिप्लिकेशन स्लॉट काढला नाही, तर मुख्य सर्व्हर तिच्यासाठी बदलांच्या नोंदी राखत बसतो. मयताचं नाव सातबाऱ्यावर राहिल्याने जमीन अडकते. इथे डिस्क भरते आणि मुख्य सर्व्हरच आडवा होतो. या साठ्याला मर्यादा घालायची सोय 2020 मध्ये, तेराव्या आवृत्तीत आली.

अर्थात, तो गेलाच आहे हे ठरवायचं कसं? मेलेला नोड आणि नेटवर्कमागे अडकलेला नोड बाहेरून सारखेच गप्प. म्हणून पेसमेकरसारखी क्लस्टर सांभाळणारी व्यवस्था संशयित नोडची वीजच तोडते आणि मगच त्याचं काम दुसऱ्याकडे देते. ऐकायला क्रूर वाटतं. पण दोघंही स्वतःला मुख्य समजून लिहू लागले, तर कुठल्या नोंदी खऱ्या हे निवडत बसावं लागतं, आणि त्यापुढे ही क्रूरता मला परवडणारी वाटते.

उशिरा परतणाऱ्या नोडचा प्रश्न कॅसँड्रा या डेटाबेसात सर्वांत बिकट. पुसलेल्या नोंदींच्या खुणा तिथे एरवी दहा दिवस राखतात. त्यानंतर जुना नोड जागा झाला, तर सगळ्यांनी पुसलेली माहिती तो खरी म्हणून पुन्हा पसरवू शकतो. अशा नोडला परत घेतात ते त्याची डिस्क कोरी करून, नवा सभासद म्हणून.