नित्य आणि नैमित्तिक

नैमित्तिक कर्म प्रसंग घडला म्हणजे करावयाचें, नित्य कर्म रोजचें. नित्यकर्म केल्यानें विशेष फल नाहीं, न केल्यास प्रत्यवाय मात्र लागतो, असें एक जुनें मत आहे. हा भेद आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. समजला मात्र आमच्या कन्येच्या कमरेवरील इन्सुलिन पंपामुळें.

तिचें स्वादुपिंड इन्सुलिन निर्माण करीत नाहीं. १९२२ सालीं टोराँटो येथें तें औषध प्रथम रुग्णास टोंचण्यांत आलें, तोंवर अशा मुलांस फार दिवस जगणें नव्हतें. जेवणापुरती घ्यावयाची मात्रा हें नैमित्तिक होय. परंतु पोट रिकामें असतांही यकृत रक्तांत साखर सोडीतच असतें. तिच्यासाठीं अहोरात्र थेंबाथेंबानें जें इन्सुलिन द्यावें लागतें, तो बेसल दर. तो बरोबर असला तर घडत कांहींच नाहीं. साखर आहे तेथें राहते. पंपाची नळी तुंबली तर मात्र कांहीं तासांतच रक्तांत आम्ल सांचूं लागतें.

हा दर ज्याचा त्यानेंच शोधावा लागतो, आणि त्याची परीक्षा उपवासानें होते. शेवटच्या जेवणास चार तास लोटले कीं पुढचें जेवण टाळून तासातासानें साखर पहावयाची. ३० मिलिग्रॅमहून अधिक चढली किंवा उतरली, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें दर दहा-वीस टक्के बदलावयाचा. ७० च्या खालीं गेली, तर परीक्षा सोडून तत्काळ साखर खावयाची. आमच्या मातोश्रींस हा उपवास फार पसंत पडला. त्यांनीं एकादशीचा मुहूर्त सुचविला आणि साबुदाण्याची खिचडी आणून ठेविली! त्या खिचडीनें साखर किती चढते हें त्यांस पटविण्यांत ती एकादशी गेली.

रात्रीची परीक्षा कठीण. पहाटेस शरीरांतील अंतःस्राव साखर चढवितात, म्हणून त्या वेळचा दर ताशीं ०.७ युनिटचा ०.८ करावा, असें डॉक्टरांनीं सुचविलें. आम्हीं तें होऊं दिलें नाहीं. मागें एकदां झोपेंत तिची साखर ४८ पर्यंत उतरली होती. थंड घामानें भिजलेल्या त्या हाताचा स्पर्श आम्ही विसरलों नव्हतों. चार महिने ती रोज २२० साखर घेऊन उठे, आणि आम्ही त्यास सावधगिरी म्हणत असूं. शेवटीं ती म्हणाली, "बाबा, हा दर माझ्या शरीराचा नाहीं, तुमच्या भीतीचा आहे."

आम्हांस राग आला, हें कबूल करतों. प्रेमास कांहींच अधिकार नाहीं काय? असेल; पण ती भीति एका रात्रीची होती. उशाशीं ग्लुकोज ठेवणें, गजर लावणें, आपण जागणें, हे तिच्यावरचे उपाय. आम्हीं निमित्तास नित्याच्या जागीं बसविलें आणि आमची एक रात्र मुलीच्या प्रत्येक रात्रीवर लादली. उलट प्रकारही घडतो. जेवणाची चुकलेली मात्रा झांकण्यासाठीं लोक बेसल वाढवितात, आणि मग त्या दरासाठीं घड्याळ पाहून खात बसतात. जेवण चुकलें तरी चालतें हें पंपाचें सुखच मग उरत नाहीं. साखर पाहून आपण होऊन दर बदलणारे पंप आतां निघाले आहेत. आमच्या घरांतला तसा नाहीं. असता तर हा वाद कदाचित् झालाच नसता.

दर तिनेंच डॉक्टरांशीं बोलून वाढविला. त्या रात्रीं आम्ही तीन, चार व पांच वाजतां उठलों. आंकडे ११८, ११४, ११६ असे होते. गंगापूर रस्त्यावर दुधाची गाडी आली, तेव्हां ती अजून झोपलीच होती.