दुसऱ्याच्या एपॉक्सीचं वजन

जुनं रिमोटचं विमान विकणारा ‘मस्त उडतं’ म्हणाला. खरंच असेल, पण त्याच्या बॅटरीवर. माझी हलकी आहे. शिवाय शेपटीच्या दुरुस्तीत एपॉक्सी भरलंय. शेपटी लांब, त्यामुळे तिथल्या ५ ग्रॅमला नाकात कितीतरी जास्त वजन लागतं.

मग तपासणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास? मला नाही वाटत. बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकही उड्डाणाआधी वजनाचा हिशोब करतात. आधीच्याने नीट उतरवलं म्हणून तो सुटत नाही. आणि शब्द मला मिळालाय. काटेवाडीत खाली उसाला पाणी देणाऱ्याला कुणीच काही सांगितलेलं नाही.

बॅटरी बसवून, पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदी मागे, दोन बोटांवर विमान तोललं. शेपूट खाली गेली. नाकात शिसं चिकटवत गेलो. १८ ग्रॅमला नाक किंचित झुकलं.