मुक्त प्रणाली, बंदिस्त खेळ आणि साधनशुचिता

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त संगणक-प्रणाली उभारण्याचा प्रकल्प जाहीर केला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नेल, म्हणजे यंत्र आणि त्यावरील सर्व प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असलेला प्रणालीचा गाभा, जगापुढे ठेवला. प्रोग्राम हवा तसा वापरण्याची, अभ्यासून बदलण्याची, त्याच्या प्रती वाटण्याची आणि बदललेली आवृत्तीही इतरांना देण्याची मोकळीक, असा मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत स्वातंत्र्याचा अर्थ आहे. फुकटपणाशी त्याचा संबंध नाही.

घरगुती संगणकावर मात्र लिनक्स दीर्घकाळ मागे राहिले, कारण बहुतेक खेळ विंडोजसाठीच लिहिले जात. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनने ही अडचण बरीच दूर केली. १९९३ पासून घडत आलेल्या वाइन या प्रकल्पावर आधारलेला प्रोटॉन विंडोजच्या खेळाची प्रत्येक मागणी लिनक्सकडून पुरी करून घेतो आणि चित्रांकनाच्या डायरेक्ट-थ्रीडी आज्ञा व्हल्कन या खुल्या मानकात उतरवतो; २०२२ मधले स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र याच बळावर उभे राहिले. खेळ स्वतः बंदिस्तच राहतात. मग त्यांच्या ओढीने मुक्त प्रणालीकडे आलेला माणूस स्वतंत्र झाला काय? स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच या प्रश्नाचा विचार करताना थेट परिणाम बहुधा हिताचा मानला, परंतु अशा वापरातून समाज काय शिकतो याची चिंताही व्यक्त केली.

ही चिंता साध्य-साधन विवेकाची आहे. गांधींनी ‘हिंद स्वराज्य’मध्ये (१९०९) साधन आणि साध्य यांचे नाते बीज व वृक्षाचे मानले. त्या कसोटीवर प्रोटॉन टिकतो, कारण त्याची संहिता खुली आहे आणि तो वापरताना प्रणालीवरील वापरकर्त्याचा कोणताही हक्क कमी होत नाही. बंदिस्त खेळ वरच्या थरात राहतो आणि केव्हाही काढून टाकता येतो. खरा धोका अन्यत्र आहे. स्पर्धात्मक खेळांतील लबाडी पकडणाऱ्या काही यंत्रणांना थेट कर्नेलमध्ये प्रवेश लागतो. व्हॅलोरंट या खेळाची व्हॅनगार्ड ही यंत्रणा विंडोजवर तशीच चालते आणि तो खेळ लिनक्सवर चालत नाही. लोकप्रियतेसाठी असा अपारदर्शक पहारेकरी गाभ्यात बसवून घेणे म्हणजे ज्यासाठी प्रणाली उभारली तेच गमावणे होय. ते खेळ आणि त्यांचे खेळाडू दुरावले तरी चालेल, पण ही अट लिनक्सने स्वीकारू नये.