आसरा मागणाऱ्याचा धर्म विचारावा काय?



आपण रोज त्रिसरण म्हणतो. सरण म्हणजे आसरा. ज्याने स्वतः आसरा घेतला, त्याने दारी आलेल्याचा धर्म विचारून दार उघडावे काय? हा प्रश्न बौद्धाला टाळता येणार नाही.

२०१९ साली नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना, पासपोर्ट-व्हिसा नसला तरी, नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. मुसलमान वगळले गेले. आपल्यापैकी काहीजण म्हणतात, "यादीत बौद्ध आहेत ना? मग आपली तक्रार कशाला?"

पण नीट पाहा. गोंदिया जिल्ह्यात गोठणगाव येथे १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ते बौद्धच आहेत. पण तिबेट त्या तीन देशांत नाही, म्हणून या दुरुस्तीचा त्यांना उपयोग नाही. उलट, २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले. त्यांना हाकलणाऱ्या देशात बहुसंख्य बौद्ध आहेत, ही आपण मान खाली घालावी अशी गोष्ट आहे. छळणारा कोणत्याही धर्माचा असू शकतो आणि छळला जाणाराही.

१९४९ साली घटना समितीत हाच वाद झाला. जो हिंदू वा शीख दुसऱ्या देशाचा नागरिक नाही त्याला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी मागणी पंजाबराव देशमुखांनी केली. ती मान्य झाली नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी मांडलेली कलमे मंजूर झाली. त्यांत १९ जुलै १९४८ ही तारीख आहे, नोंदणीची अट आहे. धर्माची अट नाही.

कोणी विचारील, "सगळ्यांनाच घेतले तर देश पुरेल काय?" प्रश्न रास्त आहे. सरकारने कागद तपासावेत, गुन्हेगाराला अडवावे, संख्येचाही विचार करावा. पण पहिली कसोटी एकच हवी : परत गेला तर याच्या जिवाला धोका आहे काय? १९९६ साली अरुणाचलमधील चकमांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. चकमा बौद्ध आहेत. न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले ते माणूस म्हणून.

जन्म पाहून वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको. कायदा बदलणे एकट्याच्या हाती नाही. घराचे दार मात्र आपल्या हाती आहे. चांदीप-विरारच्या बाजूला पोटासाठी परमुलखातून माणसे येतात. उद्या त्यांतला कोणी भाड्याने खोली मागायला आला, तर त्याचे काम विचारा, भाडे ठरवा. पण जात आणि धर्म विचारू नका. त्रिसरणाचे आचरण तेथून सुरू होते.

जय भीम!