चिंध्या आणि नाव

मृतांच्या स्मरणदिनी, 2 नोव्हेंबरला, आमच्या दफनभूमीत मेणबत्त्यांचा लखलखाट असतो. प्रार्थना आटोपून मंडळी घरी परतली की पलीकडच्या झोपड्यांतील मुले कुंपण ओलांडून येतात आणि थडग्यांवर गोठलेले मेण खरवडून पिशवीत भरतात. ते वजनावर विकले जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी आम्ही त्यांच्यावर ओरडलो. 'उकिरड्यावरची कार्टी' हे त्यातल्या त्यात सौम्य शब्द. दहा-एक वर्षांचा एक मुलगा पिशवी तेथेच टाकून पळाला.

त्याच आठवड्यात एक जुने इंग्रजी पुस्तक वाचताना 'रॅगमफिन' हा शब्द समोर आला. फाटक्या-मळक्या कपड्यांत रस्त्यावर हिंडणाऱ्या पोराला इंग्रज लोक पूर्वी असे म्हणत. अर्थ ठाऊक होता, मूळ ठाऊक नव्हते. म्हणून कोश उघडला. शब्दाच्या पूर्वार्धात चिंधी दिसते; उत्तरार्धाविषयी कोशकारांचे एकमत नाही. परंतु त्याचा जुना इतिहास वाचून आम्ही चपापलो. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडने रचलेल्या 'पिअर्स प्लाउमन' ह्या धार्मिक काव्याच्या एका संहितेत रॅगमफिन हे चक्क एका पिशाच्चाचे नाव आहे! क्रूसावर मरण पावलेला प्रभू अधोलोकाच्या दाराशी येतो, तेव्हा दाराला अडसर घालण्यासाठी सैतान ह्याच रॅगमफिनला हाक मारतो. पुढे शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ' ह्या नाटकात फॉल्स्टाफ आपल्या फाटक्या शिपायांना हाच शब्द लावतो. पिशाच्चाचे ते नाव अखेर अनाथ लेकरांच्या माथी बसले.

हा एकच शब्द असा आहे असे नाही. 'अर्चिन' हे मुळात हेजहॉग ह्या काटेरी प्राण्याचे नाव. 'गटरस्नाइप' हा शब्द चिखलात चोच खुपसणाऱ्या स्नाइप पक्ष्यावरून आला. थेम्स नदीच्या ओहोटीत कोळसा, खिळे, दोरखंडाचे तुकडे वेचणाऱ्या मुलांना लंडनमध्ये 'मडलार्क', म्हणजे चिखलातला चंडोल, म्हणत. हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांचे जिणे लिहून ठेवले आहे. थडग्यांवरचे मेण वेचणारी आमची मुले त्यांचीच भावंडे नव्हेत काय? पिशाच्च, जनावर, पाखरू – माणसाच्या लेकराला माणूस सोडून सारी नावे मिळाली. आपली मराठीही ह्या बाबतीत मागे नाही.

कोणी म्हणेल, कुंपण ओलांडणे चूकच. मुलांना शिस्त नको काय? हवीच. परंतु चुकीला चूक म्हणणे वेगळे आणि मुलालाच उकिरडा म्हणणे वेगळे. पहिल्यात सुधारणेला वाट राहते. दुसऱ्यात आपण त्याचा कायमचा निकाल लावून मोकळे होतो. लँगलंडच्या काव्यात रॅगमफिनला प्रभूच्या वाटेत अडसर घालायला सांगितले जाते. आमच्या दफनभूमीत रॅगमफिन बाहेर होता आणि अडसर आम्ही घातला होता.

संत जॉन बॉस्को ह्यांनी आपल्या आठवणींत 8 डिसेंबर 1841 चा प्रसंग लिहिला आहे. तूरिन शहरातील असिसीकर संत फ्रान्सिसच्या मंदिरात ते मिस्साची तयारी करीत होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका पोराला सेक्रिस्टनने मिस्साची सेवा करायला सांगितले. ती त्याला येत नव्हती. तेव्हा सेक्रिस्टन त्याला झोडपू लागला. डॉन बॉस्को मध्ये पडले, त्या मुलाला आपला मित्र म्हणाले, परत बोलावले आणि मिस्सानंतर त्याला प्रथम नाव विचारले. बार्थोलोम्यू गॅरेल्ली, सोळा वर्षांचा, आईबाप नसलेला. आपल्या कार्याचा आरंभ संत त्या भेटीपासून मोजीत. हा प्रसंग आम्ही प्रवचनांतून कितीदा तरी सांगितला असेल. पण त्यातल्या सेक्रिस्टनच्या जागी स्वतःला कधी पाहिले नव्हते.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील सातव्या कलमाने प्रत्येक बालकाला जन्मापासून नावाचा हक्क दिला. भारताने 1992 मध्ये त्याचा स्वीकार केला. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानेच हाक मारतो, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पुढल्या वर्षी आम्ही दफनभूमीत मुद्दाम थांबलो. तोच मुलगा आला. आम्ही हळू आवाजात विचारले, "बाळा, तुझं नाव काय?" तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि पळाला. नाव विचारतात ते तक्रार करण्यासाठी, एवढेच त्याला आजवरच्या अनुभवाने शिकवले होते. दोष त्याचा नव्हता. आमच्या दारांशी, बाजारात, मंदिराच्या पायऱ्यांवर अशी मुले रोज उभी असतात. त्यांना काही देण्यापूर्वी अथवा नाकारण्यापूर्वी नाव विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारीत राहावे. आम्हीही विचारणार आहोत.