स्वादुपिंड आणि सपिंड

दोन भाषांत वावरणाऱ्या घरांना एक खोड असते. शब्द कानावर पडला की तो मनातल्या मनात दुसऱ्या भाषेत उलटून पाहायचा. जठराच्या मागे आडव्या पडलेल्या ज्या वीतभर ग्रंथीला आमचे हिंदीभाषक शेजारी अग्न्याशय म्हणतात, तिला मराठीने स्वादुपिंड म्हटले. नाव गोड, पण तिथला कर्करोग फार कडू. बहुधा तो उशिराच उघडकीस येतो.

या रोगात हल्ली जनुकीय तपासणी सांगतात. तपासणीला नमुना लागतो. तो कोणता घ्यायचा, हा प्रश्न वरकरणी प्रयोगशाळेचा आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो, आणि तसा का वाटतो हेच इथे मांडायचे आहे.

स्वादुपिंडाची गाठ विचित्र असते. तिच्यात कर्कपेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती माजलेले तंतुमय ऊतक फार. पोटातून दुर्बीण घालून सुईने काढलेल्या कणभर नमुन्यात कधी कधी कामाच्या पेशी सापडतच नाहीत. शस्त्रक्रिया झाली असेल तर गाठीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेले असतात. मग विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्कपेशी दाट असलेला भाग निवडतो आणि मेलेला, सडका भाग टाळतो. ठोकळे फार जुने झाले तर त्यांतला डीएनए तुटत जातो. इथवर सारे कौशल्याचे काम आहे.

दुसरा नमुना सोपा असतो : दंडातले थोडे रक्त. पण या दोन नमुन्यांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. गाठीतला डीएनए मुख्यतः या माणसाच्या गाठीत काय बिघडले ते सांगतो. केरास नावाच्या जनुकातला बिघाड दहातल्या सुमारे नऊ गाठींत आढळतो, आणि तो मुलांकडे जात नाही. रक्तातला डीएनए हा माणूस जन्मताना काय घेऊन आला ते सांगतो. शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत असा जन्मजात दोष सापडतो, त्यात बीआरसीए-२ हे नाव पुष्कळदा येते. तो दोष वडिलांकडून मुलीकडे वा मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका. हे दोष आईकडूनच येतात अशी आपल्याकडे समजूत आहे, ती चुकीची आहे.

एम. ए.ला असताना मिताक्षरा वाचावी लागली होती. विज्ञानेश्वराने ती नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. आजचे बसवकल्याण, बिदर जिल्हा, म्हणजे सीमाभागच. सपिंड म्हणजे कोण, यावर बंगालच्या जीमूतवाहनाने श्राद्धातल्या पिंडाचा आधार घेतला. विज्ञानेश्वर म्हणाला की पिंड म्हणजे देह, आणि एकाच देहाचे अवयव ज्यांच्यात उतरले ते सपिंड. त्याला जनुके ठाऊक होती असे मी मुळीच म्हणत नाही. (तसे म्हणणारे लोक आहेत, त्यांना दुरून नमस्कार.) पण नाते देहातून वाहते हे त्याने कायद्याचा पाया म्हणून धरले, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो असे सांगितले. मुलींना तो हक्क देशभर कायद्याने द्यायला २००५ साल उजाडले. निसर्गाने वाटणीत हा भेद कधीच केला नव्हता.

आता समजा, दोन मुली आणि एक मुलगा असलेला बाप म्हणतो, ‘गाठ तपासा, रक्त नको. मुलींची लग्ने व्हायची आहेत.’ आमच्या वसाहतीत हे वाक्य मी ऐकले आहे, आणि बोलणारा माणूस अडाणी नव्हता. त्याची भीती खोटी म्हणता येणार नाही. स्थळ पाहताना लोक काय काय विचारतात हे आपण जाणतो.

भोपाळकरांना नमुना या शब्दाची आणखी एक आठवण आहे. डिसेंबर १९८४ मध्ये वायुकांडानंतर गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. हीरेश चंद्र यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्रंदिवस शवविच्छेदने केली व अवयवांचे नमुने जपले. संमती कुणाला विचारणार? कित्येक प्रेते ओळखणारेही कुणी उरले नव्हते. तरी ते योग्यच झाले असे मी मानतो, कारण ते नमुने बाहेरून आलेल्या विषाबद्दल बोलत होते. मृताच्या लेकरांचे गुपित ते फोडत नव्हते. याउलट हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये न विचारता घेतल्या गेल्या, आणि २०१३ मध्ये त्यांचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा तिच्या वंशजांनी हरकत घेतली. ती मला रास्त वाटते. त्यात त्यांचाही मजकूर होता.

म्हणून मला वाटते, गाठीबद्दल मौन पाळण्याचा रुग्णाचा हक्क पुरा आहे, पण रक्ताच्या बातमीचा तो एकटा मालक नाही. एकत्र कुटुंबाचा कर्ता वह्या दडपून ठेवू शकत नाही, तसेच हे. शिवाय रक्त नाकारण्यात त्याचाही तोटा होऊ शकतो. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांत ओलापारिब या औषधाने रोग पुन्हा वाढण्यापूर्वीचा मध्यम काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला, असे २०१९ च्या चाचणीत दिसले. एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढले नाही, हेही सांगितले पाहिजे.

माझी उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. मालमत्तेचा वाटा नाकारता येतो, पण ऐकलेली बातमी परत करता येत नाही. पंचविशीतल्या मुलीला ‘मला कळायला नको’ म्हणण्याचाही हक्क आहे. तेव्हा बापाच्या मागे डॉक्टरने तिला परस्पर फोन करणे मला मान्य नाही, आणि बापाने तिच्या वतीने आधीच ‘नको’ म्हणणेही नाही. तिला आधी एवढेच विचारावे, की असे काही निघाले तर तुला सांगायचे का?

हे विचारायचे कुणी आणि केव्हा? रुग्ण गेल्यावर मेणाचा ठोकळा कपाटात वर्षानुवर्षे राहतो, सही करणारा राहत नाही. संमतिपत्रात गाठीसाठी एक आणि रक्तासाठी एक अशा दोन वेगळ्या सह्या असाव्यात, आणि निष्कर्ष कुणाला कळवायचा त्या व्यक्तीच्या नावाची ओळ असावी. आमच्याकडे ते पत्र इंग्रजीत छापलेले असते, परिचारिका ते हिंदीत समजावते आणि त्यावरचे बोलणे घरी मराठीत होते. ती नावाची ओळ भरायला रुग्णाला एका रात्रीची तरी सवड द्यावी.